बंदुकीवरची वेल

लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा सासरी दोन वस्तूंना हात लावायची मला बंदी होती. एक सासऱ्यांचा रेडिओ, आणि दुसरी त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असलेली दुनळी बंदूक. रेडिओची बंदी मी पहिल्याच महिन्यात मोडली. बंदुकीपर्यंत पोचायला चार वर्षं लागली, पण पोचले ती अशी की पुढचे आठ दिवस मला धड जेवण सुचलं नाही.

माझं माहेर सांगलीचं. सासरची माणसंही मराठीच, पण कैक पिढ्यांमागे इकडे येऊन इथलीच झालेली. घरात मराठी बोलत, पण मधेमधे कन्नड पेरून, 'स्वल्प सरक' म्हणजे जरा सरक, आणि 'सरी, मी निघतो' म्हणजे बरं, निघतो, असं. सासऱ्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बनशंकरीतल्या त्या घरात अण्णा, माझा नवरा, मी आणि आमची दीड वर्षाची लेक एवढीच माणसं. अण्णांची थोरली बहीण, म्हणजे अक्का, राजाजीनगरला मुलाकडे राहायच्या. त्या अण्णांपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या होत्या आणि ते त्यांना कधी विसरू द्यायच्या नाहीत.

बंदूक वर्षातून एकदा बाहेर निघायची, खंडेनवमीला. पाटावर लाल कापड, त्यावर बंदूक, तिला गंध आणि झेंडूची माळ. शेजारी माझ्या नवऱ्याची स्कूटर आणि माझं शिवणयंत्र. पूजा झाली की अण्णा बंदुकीच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवरून बोट फिरवत आणि दरवर्षी तेच वाक्य म्हणत, "ही नक्षी आमच्या बाबांच्या हातची." आणि पूजेला आलेल्या अक्का दरवर्षी प्रसादाची वाटी खाली ठेवून म्हणत, "बाबांनी नाही केलं ते." मग दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलायची नाहीत. मला वाटे, सणाला घरात भांडण हवंच असा इकडचा रिवाज असावा.

अण्णांचे वडील कॅन्टोन्मेंटातल्या एका गोऱ्या मालकाच्या बंदुकांच्या दुकानात कारागीर होते. अण्णांचं म्हणणं असं, की विलायतेहून कधीकधी साध्या, नक्षी नसलेल्या बंदुका यायच्या आणि गिऱ्हाईक मागेल तशी नक्षी इथे कोरली जायची. ही बंदूक ज्या साहेबानं मागवली होती तो ती न घेताच मायदेशी गेला. पुढे दुकान बंद पडलं तेव्हा मालकानं ती बाबांना दिली. भाऊबंदांपैकी कुणाचाच यावर विश्वास नव्हता. "तुझे बाबा तिथं बंदुका पुसायचे," असं अण्णांना लहानपणी चारचौघांत ऐकवलं गेलं होतं. सत्तरीच्या उंबऱ्यावरही ते बोलणं त्यांना काल ऐकल्यासारखं टोचायचं.

त्या वर्षी अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बंदुकीच्या परवान्याची मुदतही संपत आली. नवरा म्हणाला, "ती ब्याद मला नको. देऊन टाका कुणाला तरी." अण्णांनी फार वाद घातला नाही. ओळखीतून एक गृहस्थ आले. कूर्गमधले कॉफीमळेवाले, जुन्या बंदुकांचे मोठे जाणकार, ताठ कण्याचे, कडक इस्त्रीचे. त्यांच्या संग्रहातल्या प्रत्येक बंदुकीखाली म्हणे पितळेची पाटी होती, बंदूक कुणी घडवली आणि नक्षी कुणी कोरली ते सांगणारी.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि अर्धा तास बंदूक उलटीसुलटी करून पाहिली. मी चहा घेऊन शेजारी उभी. चहा निवला. डाव्या पट्टीवर गवतात बसलेली तितरांची जोडी होती, उजव्या पट्टीवर झुडपातून उडालेले तितर, आणि सगळीकडून इतकी बारीक वेल फिरलेली की नुसत्या डोळ्यांना ती सावलीसारखी दिसे. मी ती इतक्या जवळून त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते.

"लंडन," भिंग काढत ते म्हणाले. "हा हात लंडनचा आहे. त्या काळचे नक्षीवाले सही करत नसत, पण वेलीची वळणं लपत नाहीत. मला एका माणसाची दाट शंका आहे. पाटीवर त्याचंच नाव घालीन."

"माझ्या वडिलांनी कोरलीय ती," अण्णा म्हणाले.

मळेवाले सभ्य होते, हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते इतकंच म्हणाले, "घरोघरी अशा कथा असतात, सर." मग त्यांनी एका तितराच्या गालावर नखाचं टोक टेकवलं. "इथे एक खड्डा आहे. बारीक गंज. बाकी बंदूक उत्तम ठेवलीय तुम्ही." अण्णा ओशाळून म्हणाले, "दर दसऱ्याला घासतो तो डाग. जात नाही." ठरलं असं, की मळेवाले कूर्गला जाऊन पुढच्या रविवारी परत येतील, पोलीस ठाण्यातले कागद पुरे करतील आणि बंदूक घेऊन जातील.

ते गेल्यावर अण्णा जेवले नाहीत. कुणीतरी बंदूक नेतंय याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. ती कुण्या विलायती माणसाच्या नावाची पाटी लावून भिंतीवर चढणार, आणि मग बाबा कायमचे बंदुका पुसणारे ठरणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. मी नाकावर राग घेऊनच जन्माला आलेय असं माझी आई म्हणते. त्या रागीट नाकानं मी अण्णांना सांगून टाकलं, "रविवारपर्यंत मी सिद्ध करून दाखवते." कसं, ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सोमवारी सकाळी लेकीला न्हाऊ घातलं, पावडर लावली, डोळ्यांत काजळ घातलं आणि बोटाला उरलेल्या काजळाची तीट तिच्या गालावर टेकवली. रोज लावायचे. हात आपोआप जायचा. त्या दिवशी बोट गालावरून उचललं आणि मी तशीच थांबले. गालावर ठिपका. तितराच्या गालावर ठिपका.

लेकीला अर्धवट झबल्यात काखेला मारून मी अण्णांच्या खोलीत धावले. "अण्णा, कपाट उघडा." ते पूजेला बसलेले. "स्वल्प थांब, आरती–" "आरती मागाहून. आधी कपाट." चार वर्षांत असं मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांनी निमूट किल्ली काढली. पेपर वाचायचं त्यांचं भिंग घेऊन मी बंदूक खिडकीच्या उजेडात धरायला लावली. डाव्या पट्टीवर एका तितराच्या गालावर खड्डा. उजवी पट्टी फिरवली. उडणाऱ्या तितरांपैकी सगळ्यांत देखण्या, पंख पसरलेल्या तितराच्या गालावर तसाच खड्डा. गंज काय गाल निवडून बसतो? आणि भिंगातून पाहिलं तर तो गोल नव्हताच. नेटकं तीन कोनांचं टोक एकदाच, मुद्दाम टेकवल्याचा तो ठसा होता.

"अण्णा, ही तीट आहे. तुम्ही इतकी वर्षं तीट घासताय."

अण्णांनी भिंग माझ्या हातून घेतलं. दुधाळलेल्या डोळ्यांनी त्यांना काय दिसलं देव जाणे, पण ते भिंग खाली ठेवेनात. सुंदर वस्तू पुरी झाली की तिला दृष्ट लागू नये म्हणून एक डाग ठेवायचा, हे लंडनच्या नक्षीवाल्याला कोण शिकवणार? अण्णा एवढंच म्हणाले, "बाबा." आणि मग, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं, ते मोठ्यानं हसले.

लगेच कूर्गला ट्रंक कॉल लावला. मळेवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कल्पना छान आहे. पण दोन ठिपके म्हणजे पुरावा नव्हे. याच हाताचं दुसरं काही काम दाखवा, ज्याचा कर्ता नक्की माहीत आहे." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. बरोबर बोलत होते. आणि दुसरं काम कुठं असेल तेही मला त्याच क्षणी सुचलं.

आपल्याकडे लग्नात भांडी देताना त्यावर नाव घालायची पद्धत. अमक्याकडून तमकीस सप्रेम भेट. अण्णांचे वडील नात्यातल्या लग्नांची अशी भांडी घरी बसून कोरून देत, हे तर त्यांना हसणारे भाऊबंदही कबूल करायचे. म्हणजे बंगळूरभर नात्यातल्या स्वयंपाकघरांत त्यांचा हात पडलेला होता. मंगळवार आणि बुधवार मी लेकीला कडेवर घेऊन रिक्षानं ती स्वयंपाकघरं पालथी घातली. ज्या घरी मी चार वर्षांत एकदा हळदीकुंकवाला गेले होते, तिथे जाऊन मी म्हणत होते, "तुमची जुनी परात बघू." एका काकूंनी आधी नवऱ्याला हाक मारली. एका घरात भांडी माळ्यावर होती. मी पदर खोचून शिडीवर चढले आणि खाली लेक तिथल्या आजींच्या जपमाळेचे मणी चाखत बसली.

मिळाली. तांबे, पराती, पानाचे डबे, एक घंगाळ. कितीतरी भांड्यांवर नुसतीच अक्षरं होती, ठसठशीत, सरळ. पाच भांड्यांवर अक्षरांभोवती वेल होती, तीच बंदुकीवरची फिरकी घेणारी वेल. आणि त्या पाचही भांड्यांवर सगळ्यांत मोठ्या फुलाच्या पाकळीवर तो तीन कोनी ठिपका. पाचवं भांडं सापडलं तेव्हा मी त्या परक्या स्वयंपाकघरात अक्षरशः उडी मारली. पाचही भांडी मागून घेतली आणि पोत्यात घालून घरी आणली. नवऱ्यानं ते पोतं पाहून विचारलं, "जुन्या बाजारात दुकान काढतेयस?"

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात अडकून बसली. नुसत्या अक्षरांच्या एकाही भांड्यावर तीट नव्हती. मी मनाला समजावलं, अक्षरांना कुणाची दृष्ट लागणार.

गुरुवारी मी बाळेपेटच्या भांडीबाजारात गेले. तिथे एका दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नावं घालणारे एक म्हातारे कारागीर बसत. आता त्यांच्या हातात विजेचं यंत्र होतं, गुणगुणणारं, पण आयुष्य छिन्नी-हातोडीवर काढलेलं. ते कन्नड बोलत आणि माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, अडलं की दुकानदार हिंदीत समजावून सांगे. मी बंदूक म्हटल्यावर ते दचकले. "बंदूक इथं आणायची नाही," त्यांनी बजावलं. मग मला त्यांनी ठसा घ्यायची युक्ती शिकवली. नक्षीत काजळ भरायचं, वरचं पुसून टाकायचं, ओलसर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबायचं. रेघांतलं काजळ कागदावर उतरतं. काजळ म्हटल्यावर मी हसायला लागले आणि त्यांना काही कळेना.

मी घरी आल्यावर अण्णांनी बंदूक धरली आणि मी ठसे घेतले. पहिले दोन फिसकटले. तिसऱ्या कागदावर तितरांची जोडी उमटली, पिसांसकट, आणि गालावरची तीटसुद्धा. आम्ही दोघं काजळानं कोपरापर्यंत काळे झालो होतो. अण्णा तो कागद खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बघ, बघ पिसं." भांड्यांचेही ठसे घेतले, वेलींचे आणि अक्षरांचे. शुक्रवारी दुकानं उघडायच्या वेळी मी पुन्हा त्या पायरीवर हजर.

म्हाताऱ्यांनी कागद ओळीनं मांडले आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी नाकाशी नेऊन पाहिले. तितर आणि वेलींचे कागद त्यांनी एकावर एक ठेवले. "हे सगळं एका हाताचं. हत्याराचं टोकही एकच, कोपरा थोडा झिजलेला. पैजेवर सांगतो." माझा जीव भांड्यात पडणार एवढ्यात त्यांनी अक्षरांचा कागद उचलला आणि वेगळा ठेवला. "हा दुसरा माणूस."

"एकाच भांड्यावरचं आहे ते," मी म्हटलं.

"भांडं एक, माणसं दोन." त्यांनी नखानं दाखवलं. अक्षराच्या रेघेत बारीक बारीक पायऱ्या होत्या, हातोडीच्या एकेका ठोक्याची एकेक. वेलीच्या रेघेत एकही पायरी नव्हती. "हे ठोकलेलं नाही. कोरायचं कलम नुसतं अंगठ्याच्या जोरावर दाबून पुढे नेलंय. ज्याला असं येतं तो ठोकत बसत नाही. ज्याला ठोकायची सवय, त्याला हे जमत नाही. हा फार मोठा कारागीर होता, अम्मा. अक्षरवाला बरा होता."

येताना रिक्षात मी हिशेब मांडला. नक्षी इथली होती, हे सिद्ध झालं होतं. लंडनचा निकाल लागला होता. पण अक्षरं बाबांची, हे सगळ्या नात्याला ठाऊक; बाबा घरी बसून ठोकायचे, त्याचा आवाज ऐकलेली माणसं अजून हयात होती. म्हणजे वेल बाबांची नव्हती. मी मोठ्या तोऱ्यात निघाले होते आणि अण्णांच्या शत्रूंना जे साठ वर्षांत जमलं नव्हतं ते चार दिवसांत करून बसले होते.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण ते मी शुक्रवारभर गिळून ठेवलं. शनिवारी सकाळी अण्णांनीच विचारलं, "तो भांडीवाला काय म्हणाला ते तू अर्धंच सांगितलंस. नाही?" मग सगळं सांगितलं. पायऱ्या, अंगठा, दोन माणसं. ते चिडले, माझ्यावर, भांडीवाल्यावर, त्याच्या विजेच्या यंत्रावर. आणि मग एकाएकी उठून त्यांनी टोपी घातली. "चल. अक्काकडे. आयुष्यभर ती एकच वाक्य बोलतेय, आज तिला विचारतो कशावरून."

राजाजीनगरला अक्का दारातच शेंगा सोलत बसल्या होत्या. अण्णांचा चेहरा पाहून म्हणाल्या, "अय्यो, तम्मा, कोण गेलं?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अण्णा नुसते खुर्चीत बसले. मग मीच ठशांचे कागद अक्कांच्या पुढ्यात पसरले आणि आठवड्याभरात काय काय झालं ते एका दमात सांगितलं. तिटेपाशी आले तेव्हा अक्कांचे शेंगा सोलणारे हात थांबले.

"अक्का," मी म्हटलं, "बाबांनी नाही केलं, असं तुम्ही म्हणता. मग कुणी केलं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "सत्तर वर्षांत हे कुणी विचारलंच नाही बघ," त्या म्हणाल्या. "हा नुसता भांडायचा."

त्या आत गेल्या आणि चांदीचा एक छोटा कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. झाकणावर वेल, वेलीत एक कळी आणि कळीवर तीन कोनी ठिपका. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी शहरभर माळे धुंडाळत होते आणि तो राजाजीनगरच्या देव्हाऱ्यात होता.

"आईनं केला माझ्यासाठी," अक्का म्हणाल्या. "बंदूकही तिनंच केली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दुकानात एकदा जड पेटी पडून बाबांच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं. ठोकून अक्षरं जमायची, पण वेलीला अंगठ्याचा दाब लागतो, तो येईना. मालकाला कळलं असतं तर काम गेलं असतं. बंदुकीच्या बाजूच्या पट्ट्या स्क्रू काढला की सुट्या होतात. बाबा त्या फडक्यात गुंडाळून घरी आणू लागले. आई कशिदा काढायची, आणि बाबांचं काम वर्षानुवर्षं शेजारी बसून पाहिलेलं. तिनं कलम हातात घेतलं. पहिल्या पट्ट्या बिघडल्या, त्या बाबांनी घासून कोऱ्या केल्या. मग बिघडेनाशा झाल्या. मग त्या बाबांच्या चांगल्या दिवसांतल्या कामापेक्षाही सरस व्हायला लागल्या. गल्लीत बाईच्या हातात लोखंड कुणी बघितलं असतं तर बोभाटा झाला असता. तिनं अक्कांना शपथ घातली होती, की आईनं केलं हे कुणाला सांगायचं नाही.

"नाही सांगितलं," अक्का म्हणाल्या. "पण बाबांनी केलं असंही मी कुणाला म्हणू दिलं नाही. तेवढं माझ्यानं झालं नाही, तम्मा."

अण्णांची आई ते तीन वर्षांचे असताना तापानं गेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही. तिची एकही आठवण आपल्यापाशी नाही, हे त्यांनी मला एकदा अगदी सहज, चष्मा पुसता पुसता सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे पाहायला धजत नव्हते. मी जे त्यांच्याकडून काढून घेतलं होतं ते बाबांचं होतं, आणि त्या जागी काय येऊन बसलंय ते त्यांना अजून उमगायचं होतं.

"हातोडी का नाही वापरली तिनं?" अण्णांनी विचारलं. "शेजारी ऐकतील म्हणून?"

"शेजाऱ्यांना काय, बाबा ठोकतायत असंच वाटलं असतं," अक्का म्हणाल्या. "तू उठशील म्हणून. दुपारी जेवणं झाली की दार लावायची. पाटावर नाचणीची पिशवी, हलू नये म्हणून तिच्यात रुतवलेली पट्टी, आणि मांडीवर तू झोपलेला. रोज. तुला खाली ठेवलं की रडायचास, म्हणून मांडीवरच ठेवून काम करायची. त्या तितरांना तिला सगळा पावसाळा लागला. तू सगळा वेळ तिथंच होतास."

अण्णा रडले. मी वडीलधाऱ्या पुरुषाला असं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही, कारण मीही रडत होते आणि अक्का दोघांना "सुम्मने, गप्प बसा रे" म्हणत स्वतः पदरानं डोळे पुसत होत्या. मग अण्णांनी अक्कांना विचारायला सुरुवात केली. ती कशी बसायची? काम करताना गुणगुणायची का? भिंत उजवीकडे होती की डावीकडे? अक्का सांगत गेल्या आणि सोललेल्या शेंगांचं ताट तसंच राहिलं. आम्ही दुपारचं जेवण संध्याकाळी जेवलो.

रविवारी मळेवाले सांगितल्या वेळेला आले. मी टेबलावर सगळे ठसे, पाच भांडी आणि अक्कांचा करंडा मांडून ठेवला होता, आणि अक्कांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी भिंग लावलं. या वेळी अर्ध्या तासाहूनही जास्त लागला, पण मी चहा निवू दिला नाही, दोनदा ताजा करून आणला. शेवटी त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि उभे राहिले. "माझं चुकलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी बंदुका बघतोय. असा हात मी चारदोनदाच पाहिलाय."

"बंदूक तुम्ही घेऊन जा," अण्णा म्हणाले. "माझे डोळे गेले, घरात कुणाला ती नको. पण पाटीवर खरं नाव घालायचं."

मळेवाल्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "नक्षीकाराचं नाव?"

अण्णांनी आईचं नाव सांगितलं. त्या घरात मी चार वर्षं सून होते, दर वर्षी पितृपक्षात तिच्या नावाचं पान वाढत होते, आणि ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी कधी विचारलंच नव्हतं. अण्णांनी एकेक अक्षर सांगून ते लिहून घेतलं. मळेवाले वही मिटायला लागले तेव्हा अण्णांनी ती मागून घेतली, खिडकीशी नेली आणि बरोबर उतरलंय ना ते भिंगातून स्वतः वाचून पाहिलं.